दाबलं की जाणारा ठिपका

माझी थोरली बहीण, आक्का, दारात शेळ्यांना पाणी दाखवत होती, तेव्हा तिच्या नडग्यांवर मला लाल ठिपके दिसले. टाचणीच्या डोक्याएवढे, पण नुसता सडा पडलेला.

"हे काय गं?"

"गोचीड चावलेत. दुखत न्हाय, खाजत न्हाय. तुला काय करायचंय?"

शेळ्यांत जन्म गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार! गोचिडावर शेळीला लावतात तेच तंबाखूचं पाणी ती स्वतःच्या पायांना चोळत होती. हिरड्यांतून रक्त येतंय? मिशेरीनं. दम लागतोय? उन्हानं. दाजी म्हणाले, उष्णता झालीया, सब्जा द्या. शेजारीण म्हणाली, घामोळं. ज्याच्या त्याच्याकडं कारण तयार! माझं डोकंच फिरलं. तिला ओढत उमरग्याला माझ्या घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी एका ठिपक्यावर काचेची पट्टी दाबून धरली. काचेखाली ठिपका तसाच लाल. "चावल्याचा, घामोळ्याचा लालपणा दाबला की बहुतेक वेळा जातो," ते म्हणाले. "हा जात नाही. हे कातडीखाली सांडलेलं रक्त आहे." याला कारणं बरीच असतात म्हणाले, एखादा ताप, एखादं औषध, रक्तातलाच बिघाड. आधी रक्त तपासू.

निघाला रक्ताचा कॅन्सर. सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांनी आक्काला बाहेर बसवलं आणि मला नि दाजींना सांगितलं, औषध सोसायची ताकद राहिली नाही, घरी न्या.

"दुखलं असतं तर आधीच आली असती की गं," गाडीत आक्का म्हणाली. खरंच आली असती. पायात काटा मोडला तरी घर डोक्यावर घेणारी बाई ती. तिला जरा दुखवायचंही देवाला जमलं न्हाय! त्याचा मला अजून राग येतो.

आता ती माझ्याकडंच असते. काल पेज भरवताना माझ्या मनगटावर एक लाल ठिपका तिला दिसला. तिनं हातच धरला.

"दाब. आधी दाब बघू!"

डास चावला होता, दुसरं काय. पण तिचा चेहरा बघून मी अंगठा दाबला, उचलला. तिथं पांढरी जागा.

"गेला! गेला की गं!" आक्का लहान पोरीसारखी हसली. तिच्या दातांना रक्त लागलं होतं.

"गेला," मी म्हटलं, आणि पदरानं तिचं तोंड पुसलं.