आधी आईची टोपली

माझी बायको मासळी विकणाऱ्या घरात वाढली, आणि शिकून मासळीच्या धरण्या-विकण्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नोकरीत लागली. कसबा पेठेत टोपली घेऊन बसणाऱ्या तिच्या आईला याचा फार अभिमान. जावई म्हणून मलाही होता. पावसाळा तेवढा वगळून.

पावसाळ्यात मासळी अंड्यावर येते. तेव्हा खडकवासल्याच्या पाण्यातून ती धरायची नाही आणि बाजारात विकायची नाही, असा नियम. नियम जुनाच, तो पाळायचाही असतो हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग शहरात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या. गाडीतून उतरून, घासाघीस न करता ‘गाभोळीवाली द्या, अंडी भरलेली’ म्हणणारी गिऱ्हाइकं आली, आणि धरणात बारीक जाळी दिवसाढवळ्या पडायला लागली.

“पोटुशी मरळ आज खाल्ली की पुढच्या साली काय खाणार?” बायको म्हणायची. “आईच्या टोपलीत शेवटी नुसती चिलापी उरेल.” चिलापी म्हणजे बाहेरून येऊन धरणभर माजलेला मासा; तो शब्द ती आमच्या सोसायटीच्या चेअरमनचं नाव घ्यावं तसा उच्चारायची.

त्या साली ती बाजारात समज द्यायला गेली, तर शेजारच्या टोपलीवाल्या बाईनं सगळ्यांदेखत सुनावलं, “आधी आईच्या टोपलीत हात घाल, मग आमच्याकडं ये!” घरी येऊन बायकोनं इतका कांदा चिरला की आम्ही दोन दिवस तोच खात होतो.

मग एका रात्री जेवताना ती म्हणाली, “उद्या सकाळी कसब्यात तपासणी आहे. कुणाला बोलू नका.”

“आणि आई?”

“आई काय बाजाराबाहेर बसते?”

माझी झोप उडाली. आईकडे तशी मासळी सापडली, तर लेकीनं आईची मासळी जप्त करायची. नाही सापडली, तर पेठ म्हणणार, आतून कळवलं असेल. माझ्या सासूबाईंनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं, तेही त्यानं कालवणात मीठ कमी आहे म्हटलं म्हणून. इथे तर भर बाजारात जप्ती. मायलेकींचा अबोला आणि निरोप्या म्हणून मी, अशा पुढच्या सगळ्या दिवाळ्या मला दिसायला लागल्या.

सकाळी चष्म्याची काडी निखळल्याचं निमित्त काढून मी बिबवेवाडीहून तिच्याआधी निघालो. स्कूटर जमेल तेवढी हाणली.

सासूबाई प्लॅस्टिकच्या कागदाखाली बसल्या होत्या. टोपलीत बर्फावर चिलापी, आणि अगदी पुढ्यात, पाण्याच्या घमेल्यात, दोन मरळी. पोटं टम्म फुगलेली. मासळीतलं मला काही कळत नाही, पण तेवढं कळलं.

सांगावं तर तपासणी फुटते, न सांगावं तर घर फुटतं. मी म्हणालो, “आई, या दोन्ही द्या मला.”

“तुम्हाला काटे काढता येत नाहीत, जावईबापू.”

“पाहुणे आहेत. ऑफिसातले.”

“त्या विकायच्या नाहीत. ठेवल्यात.”

कुणा गाडीवाल्यासाठी ठेवल्या असणार, असं मी ठरवून टाकलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. जन्मात मासळीला हात न लावलेल्या मी दोन्ही मरळी उचलून पिशवीत कोंबल्या. सासूबाई “अहो, अहो!” करत राहिल्या.

बायको दोन शिपायांसह सरळ आईच्या टोपलीशी आली. तिनं बर्फ बाजूला केला, चिलापी वरखाली केली, घमेल्यातलं नुसतं पाणी पाहिलं.

“बघा!” शेजारची बाई टाळी वाजवून म्हणाली. “आईला आधीच कळवलंय!”

बायकोचा चेहरा पडला. नेमक्या त्याच क्षणी माझ्या पिशवीनं उडी मारली. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहते, हे मला लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं.

“आपल्या पिशवीत काय आहे?” बायकोनं विचारलं. लग्नापासून तिनं मला कधी ‘आपण’ म्हटलं नव्हतं.

“भाजी,” मी म्हणालो.

“ताजी दिसतेय,” पलीकडून कुणीतरी म्हणालं, आणि गल्ली हसली. बायको हसली नाही. तिनं पिशवी काढून घेतली.

“कुणाकडून घेतली?”

मी प्लॅस्टिकच्या कागदाकडे बघत राहिलो. सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

“माझ्याकडची आहे. लिही माझं नाव. पूर्ण लिही.” मग शेजारणीकडे वळून म्हणाल्या, “झालं का गं समाधान? आता तुझी टोपली उघड.”

शेजारणीनं तोंड वाकडं केलं. टोपली मात्र उघडली. मग पलीकडचीही उघडली.

शिपायांनी मरळी पुन्हा पाण्यात घातल्या, धरणात सोडायला न्यायच्या म्हणून. जीप गेल्यावर सासूबाई माझ्याकडे वळल्या. “शेजारणीनं तिला सुनावलं त्या दिवसापासून रोज पुढ्यात ठेवत होते मी, ती येईल तेव्हा सगळ्यांदेखत तिच्याच हाताला लागाव्यात म्हणून. जित्या. मध्ये कडमडायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

संध्याकाळपर्यंत बायको माझ्याशी बोलली नाही. आईशी तरी बोलेल का, या काळजीनं मी दाराशी येरझाऱ्या घालत होतो. तेवढ्यात कसब्यातून सासूबाईंचा डबा आला. तिनं झाकण उघडलं. चिलापीचं कालवण. तिनं बोट बुडवून चाखलं. मग दोन ताटं घेतली, वाढलं, आणि माझ्या ताटातले काटे काढायला बसली.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली. “सांगू नका तिला.”