रोबोची गाडी आणि बाबांची बेल

बाबांना लकवा मारला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पण बावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस तो, डाव्या हाताला बेल तेवढी आठवत होती. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी उशाशी ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटला. टण. आई भात भरवत होती, तिचा हात थांबला. घास गिळून झाल्यावर टण टण, आणि आईने पुढचा घास दिला. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आमच्या घरात हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती, मला तर बाराखडीच्या आधी येत होतं.

घर दिग्रसला, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. आई शाळेत खिचडी शिजवायला नऊला जाते, तीनला येते. नऊ ते तीन एका खोलीत मी आणि बाबा. यवतमाळला कॉम्प्युटरची पदवी घेऊन आलेली, वर्गात पहिल्या तिघांत असणारी पोरगी मी, आणि माझ्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम काय, तर दर दोन तासांनी बाबांची कूस बदलणं. खिडकीतून पुसदची गाडी गियर बदलताना ऐकू यायची आणि आम्ही दोघंही मान वळवायचो. मला राग यायचा. बाबांवर यायचा नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

वेळ जावा म्हणून मी लॅपटॉपवर एक खेळ लावला. गोळीबार, धावाधाव असलं त्यात काही नाही. पडद्यावर चित्र येतं, खाली ओळी येतात, आपण वाचत जायचं, आणि मधेच खेळ आपल्याला विचारतो की आता काय करायचं. जग संपलंय. माणसं उरलेली नाहीत, शहरांवर राख बसलीये. एक रोबो एका मोडक्या ट्रकमध्ये गावोगाव फिरतोय आणि मागे राहिलेल्या रोबोंना गोळा करून समुद्राकडे नेतोय. प्रत्येक गावात दोनच पर्याय, निघायचं की थांबायचं.

सगळं इंग्रजीत होतं. मी मनातल्या मनात वाचत होते तर पलंगावरून टण झालं. बाबा पडद्याकडे बघत होते. गाडी दिसली होती न त्यांना, आणि गाडीत पॅसेंजर! मग मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि आमच्या बोलीत मोठ्यानं वाचायला लागले. "हा रोबो म्हणते का माह्या पायात गंज चढला, पण मले समुद्र पाह्याचा आहे. घ्याचं का याले गाडीत?" टण. थांबा म्हणाले. तो चढला. टण टण, चला. लकवा मारल्यापासून पहिल्यांदा बाबांच्या डोळ्यात मला तो खाकी शर्टातला माणूस दिसला. महिनाभर आम्ही अशी गाडी चालवली आणि खरं सांगते, ते दिवस बरे गेले.

मधे एका भंगारच्या ढिगाऱ्याशी बाबांनी एक बेल दिली होती. मला पुढचं बघायची घाई होती, शिवाय गॅसवर वरण होतं. तिथे कुणी पॅसेंजर दिसतही नव्हता. मी गुपचूप 'निघायचं' दाबलं. त्यांना इंग्रजी कुठे येतं, म्हटलं. त्यांनी आणखी एकदा पेला वाजवला, मी वरण बघायला उठले.

त्याच दिवसांत पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात पाहिली. खेळांचा मजकूर मराठीत लिहायला माणूस हवा होता. मी बाबांना वाचून दाखवायचे तसंच, त्याच बोलीत, दहा पानं टाइप करून पाठवली. आठवड्यानं फोन आला. तिथल्या बाई म्हणाल्या, असा बोलणारा रोबो आम्ही आजवर ऐकला नाही, तुम्ही पुण्याला येता का? पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. घरून काम चालेल का, विचारलं. नाही, ऑफिसात यावं लागेल. मी आईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "जा न तू," ती म्हणाली. "मी पाहून घेईन." काय पाहून घेणार होती? नऊ ते तीन कोण बसणार, हे तिनेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पोळी मात्र जळाली.

आणि नेमका तेव्हाच खेळ अडकला. एका गावात पाण्याच्या उंच टाकीवर एक रोबो बसलेला, दोन्ही पाय तुटलेले. तो वरून ओरडतो, "मले इथंच राहू दे भाऊ. माह्या वजनानं तुही गाडी बसन. जाय तू." निघायचं की थांबायचं? बाबा म्हणाले, टण. थांबलो. खेळात दिवस मावळला, गाडीची बॅटरी उतरली, सकाळ झाली, पुन्हा तोच प्रश्न. टण. तिसऱ्या सकाळी गाडी सुरूच होत नाही आणि खेळ आपल्याला पुन्हा त्या गावाच्या वेशीवर आणून सोडतो. असे आमचे खरे नऊ दिवस गेले. रोज तीच टाकी, तोच रोबो, तोच चमचा.

बुधवारी माझं डोकं फिरलं. "बाबा, त्याले येयाचं नाही न! तो सोताच म्हणून राह्यला का जा म्हणून. तुमी काहून अडकवून ठेवून राह्यले सगळ्याइले?" बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि चमचा आपटला. टण. मी त्यांच्या हातातून चमचा हिसकला आणि नेऊन फडताळावर ठेवला. वर, जिथे माझाच हात जेमतेम पोचतो तिथे.

मी दाराशी जाऊन बसले, पाठ करून. थोड्या वेळानं चादरीवर टकटक ऐकू आली. बोटानं वाजवत होते, पण चादरीवर कसला आवाज निघतो! बोलता न येणाऱ्या बापाची मी जीभच काढून घेतली होती. लाज वाटली, अजून वाटते.

बसल्या बसल्या मला एक दिवस आठवला. मी सातवीत असेन, बाबांच्याच गाडीनं पुसदला जात होते. एका फाट्यावर एका बाईनं गाठोडं पायरीवर ठेवलं आणि ती दुसरं आणायला मागे पळाली. ड्रायव्हर इंजिन तापवतोय, आतले लोक कावलेत, चला न कंडक्टरसाहेब. बाबा बेलची दोरी धरून उभे. मी विचारलं, काहून थांबले? ते म्हणाले, "चढणारं कोणी खाली असंन तोवर डबल बेल नसते देत." एवढंच बोलले, आणि बाई चढल्यावर डबल दिली.

आणि मग ट्यूब पेटली. ते अडवत नव्हतेच, पॅसेंजर खाली होता म्हणून थांबले होते. पण नुसतं थांबून तो टाकीवरून उतरणार कसा? उतरवायला काहीतरी लागेल, आणि ते काहीतरी आपण कुठेतरी सोडून आलो असू. भंगारचा ढिगारा! मी चमचा काढून बाबांच्या हातात दिला, "चुकलं माह्यं," म्हटलं, आणि खेळ मागे नेऊन त्या ढिगाऱ्याशी आणला. या वेळी थांबले. भंगाराखाली दोरखंड निघाला.

गुरुवारी दुपारपर्यंत आम्ही पुन्हा टाकीखाली होतो. दोर वर गेला, बिनपायाचा रोबो खाली आला, ट्रकमध्ये बसला. बाबांनी अशी टण टण दिली की पेला आडवा होऊन खाली पडला. मी हसले, तेही अर्ध्या तोंडानं हसले. बाप्पा, काय आनंद झाला होता मला! आणि त्या आनंदात, पेला उचलून ठेवता ठेवता, मी विचारून बसले.

"बाबा, मले पुण्याले नोकरी लागून राह्यली. जाऊ का मी?"

चमचा बराच वेळ हवेतच राहिला. मग, टण.

थांब म्हणाले. पण कालच तर नियम आठवला होता. म्हटलं, असेल काही. "कोण राह्यलं, बाबा? कोण चढाचं राह्यलं?"

बाबांनी चमचा पेल्यावरून उचलला, हळूहळू स्वतःकडे नेला आणि आपल्या छातीवर टेकवला. डोळे घट्ट मिटलेले होते. डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे गेलं.

राग आला होता आणि रागवावं असं समोर कुणी नव्हतं. बाबांना घेऊन जाईन म्हणावं, तर पुण्यात मला मिळणार होती ती तिसऱ्या मजल्यावर चौघींच्या खोलीतली एक कॉट. टाकीवरच्या रोबोला निदान दोर तरी होता. मी तिथेच बसून कंपनीला लिहिलं, घरच्या अडचणीमुळे जमणार नाही. शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. यादीतल्या पुढच्या माणसाला घेतलं होतं, मला शुभेच्छा होत्या.

शुक्रवारी आई कामावर गेल्यावर मी बाबांचं तोंड पुसत होते. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता, आई सांगून गेली होती. स्टँडवरून पुसदची गाडी निघाल्याचा आवाज आला. बाबांनी माझा हात बाजूला केला, चमचा चाचपून शोधला आणि माझ्याकडे बघत वाजवला. टण टण.

मला वाटलं, चुकून वाजला. त्यांनी पुन्हा वाजवला, आणि चमच्यानंच दाराकडे दाखवलं. टण टण.

काय सांगणार होते मी? पुण्याची गाडी गेली, बाबा, सकाळीच गेली? मी "हो बाबा" म्हटलं, लॅपटॉप उघडला, ट्रकचं चित्र आणलं आणि 'निघायचं' दाबलं. त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही, ते माझ्याकडेच बघत होते.

त्याला आता चार महिने झाले. खेळ केव्हाच संपला, समुद्र आला, सगळे उतरले. बाबा रोज आई गेली की माझ्याकडे बघून डबल देतात. मी "हो बाबा" म्हणते आणि त्यांची कूस बदलते.