बोंडअळीले ‘वाह वाह’ म्हणणारे चाचा

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूले, कारण हे मले आत्ताच्या आत्ता सांगाचं हाय! मोबाईलवर भराभरा टाइप करून राह्यली, काना-मात्रा सुटला तं समजून घ्या.

तं झालं असं. कॉलेज संपल्या-संपल्या मले एका संस्थेत नोकरी लागली. काम काय, तं गावात माणसायले गोल बसवाचं आन् एकमेकांचं ऐकाले लावाचं. बाबानं इचारलं, "याचा पगार भेटते तुले? आपल्या पारावर तं हे रोज चालते!" मी त्यायले समजावलं की पारावर सगळे बोलतात, ऐकत कोणीच नाही. बाबानं हेही पुरं ऐकलं नाही, मधातच उठून मोटर चालू कराले गेले.

पुण्याले आमचं ट्रेनिंग झालं. नियम एकदम कडक. गोलात एक वस्तू फिरते. ज्याच्या हातात वस्तू, थोच बोलन. बाकीच्यायनं सल्ला द्याचा नाही, प्रश्न इचाराचा नाही, च्च-च्च पण कराचं नाही. नुसतं शांत बसून ऐकाचं. तिथं एक मुलगी आपल्या हरवलेल्या मांजरीबद्दल बोलली आन् आम्ही सगळे ढसाढसा रडलो. मी एवढी भारावली की परत येताना एस्टीत शेजारच्या बाईचं सगळं मन लावून ऐकलं, आन् बोलता बोलता तिचा स्टॉप निघून गेला.

मले गाव भेटलं वरवट बकालच्या अलीकडचं. एका काकूच्या घरी खोली घेतली. आदल्या सालची सगळी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, गुलाबी बोंडअळीनं खाल्लेली. बीटीचं बी, याले अळी लागतच नाही म्हणून घेतलेलं, आन् बोंडाबोंडात अळी! गावात सगळ्यायचंच तसं झालतं, पण काकूच्या घरी वेगळंच होऊन बसलं होतं. काकूचे मालक, म्हणजे आमचे काका, दिवाळीपासून बोलाचेच बंद झालते.

काकूनं मले पह्यल्याच दिवशी दाखवून देलं.

"अहो, औंदा पऱ्हाटी लावाची का?"

"हं."

"का तूर-सोयाबीन?"

"हं."

"का वावरात पोहाचा तलाव खंदाचा?"

"हं."

काकू माह्याकडं वळली. "पाह्यलं? मिरग तोंडावर आला. बी कायचं आनाचं, हे म्या एकटीनं ठरवाचं का? आन् उद्या चुकलं तं जिंदगीभर बोलनं माह्याच डोक्यावर! तू मानसं बोलती करतं नं? मंग याच्या तोंडातून एक पुरं वाक्य काढून दे पोरी. तुले मांडे करून घालतो."

आता मांडे म्हटल्यावर मी कायची थांबते!

समाजमंदिरात सतरंजी टाकली. वस्तू म्हणून मी खामगावच्या बाजारातून कापडाचा हिरवा पोपट आणला होता. त्याले दाबलं की थो ‘चूं’ करे, हे मले घेताना माहीत नव्हतं. नियम सांगतले. सगळ्यायनं मुंड्या हालवल्या. पह्यले पोपट गेला एका शिडशिडीत दादाकडं.

"माही मोटर जयाली," दादा म्हणे.

सगळे गप.

"रिवाइंडिंगले नेली."

सगळे गप. नियमच तसा.

"थो म्हने, आता होत नाही."

एवढी शांतता, की भिंतीवरची पाल ऐकू ये. दादानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. "काय बे, झोपले का मेले? का मोटर तुमच्या घरची जायली म्या?"

याचंही उत्तर कोणी देलं नाही, कारण पोपट त्याच्याच हातात होता! त्यानं रागारागानं पोपट बाजूच्या आजीकडं देला. आजी म्हणे, "माह्यावर रागावले का रे सगये? म्या काही केलं नाही बाप्पा!" आन् पोपट पुढं. काकांच्या हातात आला. काकांनी त्याले दाबलं. चूं. पोपट पुढं. बस! चुलीवरचा चहा उकळाच्या आत आमचा गोल संपला.

काकू तं माह्यावर अशी भडकली! "अवं, कोनी हाव म्हनत नाही, मंग काय झालं म्हनत नाही, तं मानूस काय भिंतीसंग बोलन? आमच्यात कहानी सांगतानाही एकाले हुंकारा द्याले बसवा लागते!"

मी पुण्याच्या ट्रेनिंगवाल्या ताईले फोन लावला. ताई म्हणाल्या, "घाबरू नकोस, शांततेत खूप काही घडत असतं."

मी म्हटलं, "ताई, इथं शांततेत माणसं घरी जातात."

मंग मी स्वतःच नियम बदलवला. सगळ्यायनं गप बसाचं, पण एक माणूस हुंकारा देईन. झालं! सगळ्यायलेच हुंकारा द्याचा होता. मोटरवाला दादा म्हणे मी देतो, तं आजी म्हणे, "तुह्या हुंकाऱ्यात जीव नाही, तू देल्लेला हाव आयकून मानूस झोपीन." शेवटी एकेकाले म्हणून दाखवाले लावलं. त्यात जिंकले गादी-रजया भरणारे पिंजारी चाचा. त्यायनं नुसतं "हौ..." म्हटलं, आन् मलेच वाटलं यायले आपण काहीतरी सांगावं.

एकच गोष्ट आम्हाले ठाऊक नव्हती. चाचा दिवसभर कापूस पिंजता पिंजता मोबाईलवर मुशायरे ऐकत.

दुसरा गोल बसला. दादानं मोटर पुन्हा पह्यलेपासून सुरू केली.

"माही मोटर जयाली."

"हौ."

"रिवाइंडिंगले नेली."

"फिर?"

"थो म्हने, आता होत नाही!"

"क्या बात करते भई!"

दादाचा चेहरा असा फुलला, की वाटलं आता अजून एखादी मोटर जाळून येतो का काय! आजीनं सून मीठ टाकत नाही हे सांगतलं. चाचा आता रंगात आलते. "वाह!" म्हणे. आजीले वाटलं मीठ नाही म्हणून आपली तारीफ झाली, तिनं पदर नीट केला.

मंग पोपट आला काकांकडं. चूं. काकू माह्या बाजूले बसेल होती, तिनं माहा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

"हं," काका म्हणे.

"इरशाद!" चाचा म्हणे, मुशायऱ्यात शायराले ‘सांगा’ म्हणतात तसं.

काकांनी चाचाकडं पाह्यलं. पोपटाकडं पाह्यलं. "बोंड..."

दिवाळीपासूनचा पह्यला शब्द!

"क्या बोंड है!" चाचा.

"बोंड वरून हिरवंगार..."

"सुभानल्ला!"

"आन् फोडलं तं आत अळी."

"वाह वाह! दुबारा फरमाइए!"

काका ताडकन उभे राह्यले. "वाह काय वाह, चाचा? अळी पडली म्हटलं म्या, अळी! तिले दुबारा पाडू का आता?"

चाचानं दोन्ही कान पकडले. "तौबा, तौबा! आदत पड गई भई, माफ करो!"

माणसं तं सतरंजीवर लोळून हसले. पण काका बसले नाही. पोपटाची मान मुठीत धरून थे बोलतच सुटले.

"तुम्हाले हासू येते. म्या साऱ्या गावाले सांगत फिरलो होतो, औंदा माही पऱ्हाटी पाहा म्हनून! हॉटेलात सांगतलं, एस्टीत सांगतलं, सोयऱ्याच्या लग्नात जेवनाच्या पंगतीत सांगतलं. हिच्या भावाले खास बोलावून वावर दाखवलं. त्यानं माहा पऱ्हाटीसंग फोटो काढला. थो जायच्या आंधीच एक बोंड फोडून पाह्यलं, तं गुलाबी अळी. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, सगयी कवडी! असा किडका कापूस फुकटात कोनी घेईना. एवढं बोलून बसलो होतो, का मंग तोंड उघडाची लाजच वाटे. म्हटलं, आता बोलाचंच नाही."

आता कोणी हसलं नाही. मी नियम सांगितल्यासारखी शांतता, पण ही वेगळी होती, हिच्यात कोणी घरी गेलं नाही.

काकूच बोलली, पोपट-बिपट काही हातात नसताना. "आन् माह्यासंग काऊन नाही बोलले? म्या तं पह्यलेच म्हटलं होतं, एकाच पिकाचं एवढं गावभर सांगू नोका म्हनून!"

"म्हनूनच तं तुह्यासंग नाही बोललो!"

पुन्हा सगळे खदाखदा. मी सल्ला नाही, प्रश्न नाही हे ओरडून सांगत होती, पण माह्याकडं पाहाते कोण! काकूनं मधातच घोडं पुढं दामटलं. "मंग औंदा काय लावाचं?"

"पऱ्हाटी नाही. तूर आन् सोयाबीन." काका जरासे थांबले. "तुले पटते का?"

काकूनं लगेच हाव म्हटलं नाही. तिनं मस्त वेळ घेतला, सगळ्या गोलाले तिच्या तोंडाकडं पाहाले लावलं. मंग म्हणे, "पटते. पन बांधाच्या कडेनं पऱ्हाटीच्या चार ओळी राहू द्या. घरच्या गाद्या भराले कापूस लागते."

"हौ! हौ! बिलकुल!" चाचा ओरडले. आख्ख्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हुंकारा थोच होता.

पुढं काय सांगू! काका थांबेचना. बाया स्वयंपाकाले निघून गेल्या, ढोरं घरी आली, तरी काका फवारणीचं सांगून राह्यलते. सकाळी काकू मांडे वाढताना म्हणे, "पोरी, दिवायीपासून म्या एकटीच बोलली, आन् आता मले मधात एक शब्द घालाले जागा नाही." बाहेरून काका आवाज देऊन राह्यलते, तुरीचं बी आणाले दोघांनी संगंच जाऊ, चाल लवकर. काकू अर्धा मांडा तव्यावर तसाच ठेवून, लुगडं बदलाले पळाली. थो अर्धा मांडा मीच उलटला, थोडा जळला, पण खाल्ला.

आता तुम्ही सांगा नं! तुमच्या घरी, तुमच्या गावात झालं का कधी असं, की सगळे शहाण्यासारखं वागून थकले, आन् कोणीतरी भलत्याच जागी भलतंच बोललं, आन् गप्प बसेल माणूस त्या रागानंच बोलाले लागला?