शेवटी चढणारी बॅग

संदीपचा फोन आला तेव्हा मी दारात बसून मेथी निवडत होते. संदीप माझा भाचा, दादाचा एकुलता एक. "आत्या, आबा गेलं," एवढंच म्हणाला. दादाला तो आबा म्हणायचा. मी काय विचारावं? "जेवला होता का रे सकाळी?" माणसाची बुद्धी कुठं जाते अशा वेळी, कुणास ठाऊक. डाळिंबाची काढणी चालू होती, दादा क्रेट उचलायला म्हणून वाकला आणि तिथंच बांधावर बसला, तो उठलाच नाही. बारामतीच्या स्टँडवर येऊन इंदापूरची एसटी धरली. दोन्ही बाजूंनी ऊस, आणि माझ्या डोक्यात रडण्याआधी एकच गोष्ट फिरत होती, की दिवाळीपासून आम्ही बहीण-भाऊ एकमेकांशी धड बोललो नव्हतो. कशावरून? तर एका बॅगेच्या जागेवरून. हसा खुशाल. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

आता नीट सांगते. मी शालन. लग्नानंतर चारच वर्षांत मालक गेले, मूलबाळ नाही. दादानं मला शिकवलं, शाळेत चिकटवलं, आणि पस्तीस वर्षं मी बारामतीत दोन खोल्यांत एकटी राहून दुसऱ्यांच्या पोरांना पाढे शिकवले. दादा इंदापूरजवळच्या आमच्या गावी शेती करायचा. डाळिंब, ढोबळी मिरची, थोडा ऊस. बोलायचा फार कमी. वहिनी म्हणायची, "ह्यांच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हंजे बोअरचं पानी काढण्यापरास अवघड." तर या मुक्या माणसाला साठीच्या आसपास एक खूळ लागलं. शाळेची मुलं नेणारी एक जुनी गाडी भंगारात निघाली होती, ती यानं आणली आणि हायवेवरच्या एका गॅरेजात महिनाभर ठाण मांडून आतून बदलून घेतली. झोपायच्या फळ्या, पाण्याची टाकी, शेगडीचा ओटा, पडदे. नातवंडं तिला ऐटीत कॅम्पर व्हॅन म्हणायची. गावाला दादा म्हणजे तात्या, गाव म्हणायचं, "तात्यांची सर्कस निघाली." दिवाळीत आणि मेमध्ये ती सर्कस निघायची, कधी कोकणात, कधी कर्नाटकात, आणि फलटणकडे वळायच्या आधी बारामतीत माझ्या दारात थांबायची.

गाडी तशी लहानच. मला धरून सात माणसं, त्यांचं आठ-दहा दिवसांचं सगळं, आणि वहिनीचा हात म्हणजे लग्नाच्या पंगतीचा. लाडू, चकल्या, लोणची, तांदूळ, दोन कुकर... पण ते सगळं त्या गाडीत बसायचं आणि घाटातसुद्धा एक वाटी वाजायची नाही. ही दादाची करामत. निघायच्या आदल्या दिवशी तो अंगणात फक्कीनं गाडीच्या मापाचा चौकोन आखायचा. गाडीची मागची बाजू, फळ्यांखालचे खण, दाराची जागा, सगळं त्या पांढऱ्या रेघांत. मग घरातली एकेक वस्तू आणून त्यात मांडायची. कुकरच्या पोटात कांदे, कांद्यांच्या सांदीत लसूण, पोरांच्या बुटांत स्टीलचे पेले, पेल्यांत चमचे फडक्यात गुंडाळून. आयुष्यभर डाळिंबं पेटीत भरली ना, तोच हात. "मोकळं ऱ्हायलं की मार लागतो," एवढं एकच वाक्य तो सगळ्यांना ऐकवायचा. फळाला फळ टेकलेलं पाहिजे, दाबलेलं नको. शेजारपाजारचे बघायला यायचे. कुणी मुद्दाम म्हणायचं, "तात्या, म्हस बी बसवा की मधे." तो वर न बघता उशा मोजत राहायचा.

सुटकेस मात्र चालायची नाही. वहिनीनं जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवल्या होत्या, प्रत्येकाला एक, त्यातच काय ते कपडे. मी रिटायर झाले तेव्हा शाळेतल्या बायकांनी मला चाकांची कडक सुटकेस दिली, लाल रंगाची. मी ती मोठ्या हौसेनं दारात आणून ठेवली. दादानं तिच्याभोवती एक फेरी मारली, बैल बघावा तशी. म्हणाला, "शालन, ह्येला कोपरं हायती. कोपरं दुसऱ्याला टोचत्यात." झालं! माझं डोकंच फिरलं. "म्हणजे मी टोचते, असंच ना?" रस्त्यावर, शेजाऱ्यांच्या देखत. तो गोंधळून गेला बिचारा. वहिनी हसतेय, पोरं हसतायत. शेवटी मी पाय आपटत आत गेले, सगळे कपडे एका कापडी बॅगेत कोंबले आणि ती त्याच्या अंगावर फेकली. त्यानं ती झेलली, मागच्या दारातून आत सरकवली आणि दार लावलं. तेव्हापासून तीच बॅग. पाच मिनिटांत काम व्हायचं. मी कुलूप लावून पायऱ्या उतरेपर्यंत बॅग आत गेलेली असायची.

आणि हेच मला खुपायला लागलं. बाकीच्यांचं सामान आदल्या दिवशी फक्कीच्या रेघांत मांडलं जातंय, त्याचा विचार होतोय, आणि माझी बॅग म्हणजे शेवटी कुठंतरी सारून द्यायची. उरल्या जागेत. एका पाडव्याला मी आधीच गावी गेले होते तेव्हा अंगण बघितलं होतं. वहिनीची पिशवी, सुनेची, दोन पोरांच्या, चपलांनासुद्धा जागा, आणि माझं नाव कुठं नाही. एकट्या बाईला अशा गोष्टी फार लवकर दिसतात हो. घरी येऊन कुलूप काढलं की दिवसभर कुणाशी बोलायचं नसतं, मग असलं काहीतरी मनात दळत बसायचं. एकदा वाटलं की वाटतच जातं. ताटात भाकरी शेवटी आली तरी वाटतं, फोन शेवटी आला तरी वाटतं. यंदा दिवाळीच्या आधी दादाचा फोन आला, "शुक्रवारी सकाळी येतो, तयार ऱ्हा." आणि इतक्या वर्षांचं माझ्या तोंडातून बाहेर पडलं. "मी नाही येत. मला आयुष्यभर उरलेल्या जागेतच बसवलंयत सगळ्यांनी. तुम्ही जा तुमची माणसं घेऊन."  तो म्हणाला, "बरं." फोन ठेवला.

त्यानं समजूत घालावी, ओरडावं, काहीतरी करावं, असं मला वाटत होतं. शुक्रवारी सकाळी मी अंघोळ करून, बरी साडी नेसून, कुठंच जायचं नसताना खिडकीपाशी बसले होते. गाडी काही दारात आली नाही. आठ दिवसांनी परतीच्या वाटेवर तो एकटाच वर आला, हातात आमसुलांची पुडी. दारातच उभा राहिला. मी म्हटलं, "चहा घेतोस?" तो म्हणाला, "खाली सगळी खोळंबल्याती." पुडी टेबलावर ठेवली, माझ्याकडं बघितलं, काहीतरी बोलेल असं वाटलं... आणि जिना उतरून गेला. मी बाल्कनीतसुद्धा गेले नाही. ती शेवटची भेट. मला तेव्हा कळलं असतं तर मी त्याचा हात धरून बसवला असता, पण असं म्हणण्यात आता काय अर्थ आहे.

दादाला जाऊन दोन महिने झाले आणि वहिनीनं हट्ट धरला, गाडी काढा. "पडून पडून गंजून जाईल. त्यास्नी आवडायचं न्हाय." पोरांच्या परीक्षा संपल्या तसा संदीपचा फोन आला, "आत्या, ह्या वेळी न्हाय म्हणू नको." मी नाही म्हटलं नाही. ठरल्या सकाळी गाडी दारात आली. बॅग घेऊन खाली उतरले. संदीपनं मागचं दार उघडलं आणि एक पातेलं घरंगळत रस्त्यावर आलं. सगळं कसंही भरलेलं, भांडी वाजतायत, पिशव्या एकमेकींवर कलंडलेल्या. फक्त डाव्या हाताला, फळीखालच्या खणात, एक काळी ट्यूब होती. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची, हवा भरलेली, थोडी मऊ पडलेली. मी विचारलं, "ही कशाला घेतलीय रे?"

संदीप रस्त्यावरचं पातेलं उचलत म्हणाला, "आत्या, ही तुझी जागा न्हाय का."

मला काही उमगेना. मग त्यानं सांगितलं. घरून निघताना दादा सगळ्यांत आधी ती ट्यूब त्या खणात ठेवायचा, हवा भरायचा, आणि मग तिच्याभोवती बाकीचं सामान रचायचा. "न्हायतर वाटेत सणसरच्या खड्ड्यांत समदं सरकून तुझी जागा बुजून जायची. फक्कीतबी आबा तेवढा चौकोन रिकामा सोडायचं. हितं आलो की तुझ्या गल्लीच्या तोंडाला गाडी थांबवून हवा सोडायचं, ट्यूब घडी करून शिटाखाली सारायचं, आन् मगच दारात यायचं. तुला ठाऊक हाय असंच वाटायचं आमाला."

"मला कोण सांगणार?" मी म्हटलं.

वहिनी आत बसली होती. ती खिडकीतून म्हणाली, "मी म्हनलं हुतं त्यास्नी, सांगा की वन्संना. तर म्हनले, त्यात सांगायचं काय, ब्याग बसती का न्हाय त्ये बघावं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "दिवाळीला तुमी येनार न्हवता तरीबी भरली हुती. पोरांची बॅट, बॉल समदं पायांत घेऊन बसलो आमी, पर तितं काय ठेवू दिलं न्हाय. तुमच्या गल्लीच्या तोंडाला गाडी हुबी केली. घटकाभर नुसतं बसून ऱ्हायले. म्या म्हनलं, जाऊन हाक तरी मारा. तर म्हनले, न्हाय येत म्हनलीया ती. आन् गाडी वळवली. तशीच फुगलेली ट्यूब रत्नागिरीला जाऊन आली बगा, तवापास्नं तिला कुनी हात लावला न्हाय."

गल्लीचं तोंड माझ्या खिडकीतून दिसत नाही. मध्ये दवाखान्याची इमारत आहे. मी इकडं साडी नेसून बसलेली, तो तिकडं स्टेअरिंगवर हात ठेवून बसलेला, आणि मध्ये तेवढी एक इमारत. मी त्या रस्त्यावर उभी राहून मोठ्यानं रडले. त्याच्या मातीलासुद्धा इतकी रडले नव्हते.

थोड्या वेळानं संदीपनं माझी बॅग हातात घेतली, वाकला आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबायला बोट नेलं. मी त्याचं मनगट धरलं. "राहू दे," म्हटलं. "अगं, मग बॅग कुठं ठेवू? कुठंच जागा न्हाय आता." मी त्याच्या हातातून बॅग काढून घेतली, वहिनीशेजारी जाऊन बसले आणि ती मांडीवर ठेवली. फलटण गेलं, सातारा गेला, पाय बधिर झाले. घाट सुरू झाला तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, द्या जरा माझ्याकडं." मी नाही दिली.