व्याह्यांसाठी मुरत ठेवलेल्या बाटल्या

माझी शाळा चौथीत सुटली, पण कांदा कसा साठवायचा हे मला कुणी शिकवू नये. आमच्या बोरीत सगळ्यांच्या बराखीतला कांदा नासला तरी माझा टणक राहतो. कारण मी ढीग नुसता पडू देत नाही. खालचा वर, वरचा खाली, नासका बाजूला. माल हलता पाहिजे.

जावई चाकणला कारखान्यात आहे. हौशी गडी. त्याच्या फ्लॅटमध्ये उकडतं म्हणून शिमग्याच्या आधी त्यानं आमच्या मागच्या मातीच्या खोलीत बिअर केली. मोड आणून वाळवलेले जव शिजवले, त्या पाण्यात कसली तरी कडू वाळकी फुलं उकळली, आणि सगळं पिंपात आंबवलं. मग बाटल्यांत भरून, प्रत्येकीत चिमूटभर साखर टाकून, पत्र्याची बुचं ठोकली.

"मामा, आता ह्या मुरू द्या. गाळ तळाला बसला पायजे. जत्रंपर्यंत व्हत्यात तयार. तोवर हात लावू नका."

मी नुसतं हूं केलं.

त्या बाटल्यांत माझा जीव अडकला होता, आणि तो पिण्यासाठी नव्हे. व्याही पिंपळवंडीचे. लग्नात त्यांच्या थोरल्या भावाला फेटा बांधायचा राहिला. माझं म्हणणं, भाऊच उशिरा आला. ते काही असो, तेव्हापासून व्याही आमच्या घरी जेवले नव्हते. दर जत्रेला यायचे, शर्यतीच्या घाटात बैलगाड्या पळताना बघायचे आणि आमच्या उंबऱ्याला पाय न लावता माघारी जायचे. माझी लेक त्यांचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि संध्याकाळी तेच ताट मुकाट्यानं रिकामं करायची. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून यंदा मीच फोन लावला. "पावणं, तुमच्या पोराच्या हातची बिअर हाय. पहिली बाटली तुमी फोडायची."

"बघू," म्हणाले. त्या माणसाकडून 'बघू' आलं हेच लई झालं.

आता एवढं मोलाचं काम, आणि बाटल्या नुसत्या उभ्या ठेवायच्या? मी रोज सकाळी एकेक बाटली उचलून आडवी-उभी करायचो, मागची पुढं घ्यायचो.

मंडळी ओरडली, "आवो, जावयानं हात लावू नका म्हणून सांगितलंय ना?"

"पडून राहिलेला माल नासतो. त्याला काय कळतंय?"

जत्रेच्या दिवशी तर खात्रीसाठी दोनदा हलवल्या.

दुपारी व्याही खरंच आले. पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा. लेक दाराआडून बघत होती. मी बाटली हातात दिली. त्यांनी बूच उचकटलं मात्र, आणि फस्सकन फेसाचा लोंढा उसळला. टोपी, मिशा, सदरा, सगळं चिंब.

जावयानं बाटलीतला गढूळ राडा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "मामा, हलवल्या?"

मी आढ्याकडं बघत राहिलो. मला वाटलं, गेला हा माणूस, आता कायमचा गेला.

व्याह्यांनी मिशी चाटली. परत चाटली. "लग्नात फेटा दिला न्हाई," ते म्हणाले, "आन आज अंघोळच घातली की राव!"

आणि असे हसले की सदऱ्याची बटणं हलली. मागं लेक हसली, मग आम्ही सगळेच. उरलेलं त्यांनी ग्लासात ओतून घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"कच्ची हाय. बाकीच्यांना आता कुणी शिवायचं न्हाई. मुरल्यावर मी येऊन फोडीन." मग माझा सदरा अंगात घालून ते मटणाच्या ताटावर बसले. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्यानंतर ते येतात. आधी बाजरीच्या पेरणीला आले, मग गणपतीत, मग उगाच. मागच्या खोलीत जातात, बाटली न हलवता खिडकीच्या उजेडात वाकून बघतात. रंग आता मधासारखा निवळ दिसतो.

"काय म्हणता, पावणं?" ते मला विचारतात.

"थोडी राहू द्या अजून," मी म्हणतो.

"मलाबी तसंच वाटतं." मग हात धुऊन जेवायला बसतात.

परवा जावई कानाशी आला. "मामा, ती कवाच तयार झालीय. किती दिवस ठेवता?"

"तुला न्हाई कळायचं," मी म्हटलं, "आजून कच्ची हाय." लेक व्याह्यांना भाकरी वाढत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि जावयाला डोळ्यानंच गप केलं.