दिगंबर गुरुजींची व्हरांड्यातली जागा

दिगंबर गुरुजी गेल्याची बातमी मला सर्वांत शेवटी कळली, हे मी प्रथम नोंदवून ठेवतो. घनसावंगीच्या तहसील आवारात कैक वर्षांपासून मी अर्जनवीस म्हणून बसतो. तालुक्यातली निम्मी गाऱ्हाणी माझ्याच अक्षरात साहेबांपुढे जातात. त्या दिवशी एक जीपवाला टेबलाशी येऊन सहज म्हणाला, "काका, तुम्ही मातीला न्हाई दिसले? अख्खी शाळा आल्ती." मी पेन खाली ठेवले… पुढे शोकसभा झाली. वक्ते पुष्कळ होते आणि प्रत्येकाच्या तोंडी "आमचे गुरुजी". त्याला नुसते 'दिग्या' म्हणणारा एकच माणूस त्या सभेत होता. तो मागच्या रांगेत बसला होता आणि त्याला कुणी बोलायला सांगितले नाही. सबब हा लेख.

दिगंबरच्या कातडीत जन्मापासूनच रंग नव्हता. केस पांढुरके, पापण्याही तशाच, आणि उजेड पडला की डोळे मिटायचे. गाव त्याला कौतुकाने 'साहेब' म्हणे. मला काय म्हणे, ते येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. आमच्या शाळेत चुकणाऱ्याला उन्हात उभे करण्याची रीत होती. मी वारंवार चुकत असे. तापलेल्या मैदानात एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत मी व्हरांड्याकडे बघत राही, तर तेथे दिगंबर खांबाला टेकून बसलेला असे. कवायत नाही, शिक्षा नाही, उन्हातला खेळ नाही. त्याची आई मधल्या सुट्टीत त्याच्यासाठी ताक घेऊन येई. त्या सावलीचा मला जो हेवा वाटला, तसा पुढे कुणाच्या जमिनीचाही वाटला नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. तो शिकला, मास्तर झाला. हेवा वाढायला हे एक कारण आणखी झाले.

मास्तर म्हणून तो ज्या ज्या गावी गेला, तेथे पहिल्या आठवड्यात भर दुपारी पोरांना मैदानात काढी. एकदा मी एका कामासाठी त्याच्या शाळेत गेलो असता हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. स्वतः छत्रीखाली, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उभा, आणि विचारतो, "आपापली सावली बघा रे. तुमच्याहून बुटकी हाय का उंच?"

"बुटकी हाय गुरुजी!"

"मंग ऊन लई तेज हाय. पळा आत, जल्दी!"

पोरे आरडत आत पळाली. वर्गात त्याने सांगितले की ऊन कातडीला आतून जाळते, कातडीचा कर्करोगही होतो, आणि जी जखम महिनाभर भरत नाही ती डॉक्टरला दाखवायची. एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, आम्ही तर काळे. आम्हाला काय व्हतंय?" दिगंबर हसून म्हणाला, "तुला कमी भेव हाय, बाबा. पण बिलकुल न्हाई असं न्हाई. अन् मला लई हाय." वर्ग खदखदला, तोही हसला. असा वर्ग मला मिळाला असता, तर मीही हसलो असतो.

कावेरीचे प्रकरण याच शाळेतले. ही मुलगीही दिगंबरसारखीच बिनरंगाची. झेंडावंदनाच्या कवायतीत उभी राहून तिची मान आणि गाल भाजले, फोड आले. तिचे वडील आसाराम माझ्या टेबलाशी आले. अर्ज लिहिणारा तो वकीलच, अशी त्यांची समजूत. म्हणाले, "वकीलसाहेब, पोरीचं नाव काढायचा अर्ज लिहा. उनात जळण्यापरीस घरात राहील." मी कागद घेतला, तोच दिगंबर धापा टाकत आला.

"बाबुराव, लिहू नको. नाव काढायचं न्हाई. प्रार्थना अन् कवायत ऊन चढायच्या आधी घ्या, डोकं-कान झाकू द्या, असं लिही. शिक्षण खात्याला."

मी त्याला माझ्या धंद्यातली गोष्ट सांगितली. एकीपुरती सवलत मागितली तर साहेब लगेच देतो; सगळ्या शाळेसाठी मागितली तर कागद पडून राहतो. तिला एकटीला व्हरांड्यात बसवावे, एवढेच लिहू.

"न्हाई. सगळ्यांसाठीच लिही."

"अरे, तू बसलाच होता की सावलीत! मजेत!"

तो खाली बघत म्हणाला, "मजेत? तुला उनात उभं केलं तरी चार पोरं असायची संगं. मी खांबाला टेकून तुमच्याकडंच बघत राह्यचो. रोज…"

मी नवा कागद पुढे ओढला. हेवा करण्यातही हा माणूस माझ्या पुढे निघाला होता.

अर्ज मी सर्वांसाठीच लिहिला. तितका सुबक मसुदा पुन्हा माझ्या हातून उतरला नाही. तो वाचून दाखवायला मात्र दिगंबर जिल्ह्याला खेपा घालत राहिला, आणि आदेश निघाला. गावाने शाल-श्रीफळ दिले ते त्याला. व्यासपीठावरून मसुदा लिहिणाऱ्याचे नाव निघाले नाही. आसाराम तेवढे म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचं अक्षर बराबर चाललं."

त्यानंतर दिगंबरच्या कानावरची, कित्येक महिने न भरलेली एक जखम चिघळली. औरंगाबादेत कर्करोग निघाला आणि कान अर्धा कापला. त्या अर्ध्या कानानिशी तो शाळेत गेला आणि पोरांना जवळ बोलावून म्हणाला, "बघा, हा मी उशिरा दाखवला." शेवटच्या भेटीत त्याच्या खाटेभोवती इतकी पोरे होती की मला दारातूनच परतावे लागले…

गेल्या आठवड्यात सकाळीच मी त्या शाळेवरून जात होतो. प्रार्थना चालू होती. सगळ्या पोरा-पोरींच्या डोक्याला रुमाल, कान-मान झाकलेली, लांबच लांब रांगा. मुख्याध्यापकांनी मला कुंपणाशी पाहून विचारले, "काका, ओळखा बरं, यातली कावेरी कोणती?"

मी चष्मा पुसून पाहिले. "न्हाई सांगता यायचं."

इतक्यात मधल्या रांगेत एक फिकट हात वर आला आणि रुमालाची गाठ आवळून खाली गेला. शेजारच्या पोरीने वाकून तिच्या कानाशी काहीतरी म्हटले, आणि प्रार्थना चालू असताना दोघी खिदळल्या. मला त्या शेजारच्या पोरीचा फार हेवा वाटला.