कवडसा दोनदा येतो

आमच्या माजघराच्या छपरात एक काचेचं कौल आहे. त्यातून भर दुपारी जमिनीवर पाटाएवढा कवडसा पडतो. थंडी वाढेल तसा तो रोज थोडा थोडा उत्तरेच्या भिंतीकडे सरकतो, डिसेंबरात भिंतीशी जाऊन थबकतो आणि मागे फिरतो. बाबा भूगोलाचे मास्तर. त्यांनी जन्मभर देवरूखच्या पोरांना उत्तरायण शिकवलं, पण घरात त्याचा उपयोग केला तो आईने. मीठ सादळू नये म्हणून ती बरणी कवडशात ठेवायची आणि ऊन सरकेल तशी बरणी सरकवायची.

आई गेली त्या माघात ती महिनाभर अंथरुणाला खिळली होती. खाट माजघरातच टाकलेली. मी ऑफिसातून रजा काढून घरी होते. त्या दुपारी चुलीपुढे भाकऱ्या थापत होते आणि दमले होते. दमले की माझ्या जिभेला हाड राहत नाही.

"बाय, ऊन डोल्यांवर येताय गो. खाट जरा सरकव," आतून आई म्हणाली.

"पाच मिनिटांत जाईल आपोआप. सूर्य काय आपल्याकडे मुक्कामाला आलाय?"

गेलाही तो. मी हात धुवून आले तेव्हा कवडसा उशीवरून उतरून जमिनीवर गेला होता आणि आईही गेली होती. डोळे घट्ट मिटलेले, उन्हाने मिटावेत तसे.

झोपेतच गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं. बाबांनाही.

पुढच्या माघाची मला धास्ती होती. पण दिवाळी उलटली आणि कार्तिकातच एका दुपारी मी माजघरात पाऊल टाकलं, तर कवडसा नेमका त्याच लादीवर, जिथे तिच्या उशीची बाजू यायची. खाट कधीच माळ्यावर गेली होती.

"माघातल्यापेक्षा घड्याळाने अर्धा तास लवकर आलाय," बाबा म्हणाले. ते भिंतीला टेकून बघत बसले होते. "सूर्य त्याच वाटेने दोनदा जातो. दक्षिणेला जाताना एकदा, परतताना एकदा."

हे मी त्यांच्याच वर्गात शिकले होते, मार्कही मिळवले होते. ते आपल्या घरात घडेल असं मात्र मनात आलं नव्हतं. श्राद्धाची तिथी निदान मागेपुढे होते. या उन्हाला तेवढीही दया नाही. चार दिवस मी माजघरात जेवले नाही.

पाचव्या दिवशी, पावसाआधीच्या शाकारणीचा हंगाम नसताना, कौलं चाळणाऱ्या गड्याला बोलावलं. काच काढून साधं कौल बसव म्हटलं. त्याने शिडी लावली तसे बाबा उठले.

"ते राहू दे."

"मला नको आहे ते."

"का?"

मग मी सगळं सांगून टाकलं. भाकरी, तिची हाक, माझं उत्तर. बोलताना त्यांच्याकडे बघवेना. आता ते ओरडतील म्हणून वाट बघत राहिले.

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "मी पडवीत पेपर वाचत होतो. ऐकलं सगळं."

"मग?"

"मला वाटलं, तू उठशील."

त्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.